तपकीर गल्लीतलं लॅम्पचं दुकान आणि आमच्या शाळेचा ओएचपी

ज्यांच्या शाळेत अजून ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर, काचेवर ठेवलेलं भिंतीवर मोठं दाखवणारं मशीन) आहे आणि लॅम्प गेला म्हणून तो कपाटावर चढवून ठेवलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय, लांबलंय थोडं पण वाचा, तुमचे पैसे वाचतील.

मी कराड तालुक्यातल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते, आठवी ते दहावी. आमच्याकडे जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे, लोखंडी खोक्याचा, आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला, उचलायला दोन मुलं लागतात. शाळेत नवीन डिजिटल प्रोजेक्टर पण आहे आणि तो मी वापरते, पण काही गोष्टी ओएचपीवरच होतात. दहावीला विद्युतधारेचे परिणाम शिकवताना मी ओएचपीच्या काचेवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवते, त्याखाली पट्टीचुंबक, वरून लोहकीस भुरभुरते आणि बोटाने टिचकी मारते. लोहकीस सरकतो, उभा राहतो, रेषा धरतो, आणि हे सगळं समोरच्या भिंतीवर चार फूट मोठं दिसतं. साठ मुलं एका वेळी बघतात. दुसरा चुंबक हळूहळू जवळ नेला की रेषा वाकायला लागतात, आणि त्या क्षणी मागच्या बाकावरची पोरं पण उठून उभी राहतात. हे व्हिडिओत दाखवता येतं, दाखवलंय पण मी, पण व्हिडिओत चुंबक सरकवणारा हात त्यांच्या वर्गातल्या कुणाचा नसतो नं. इथे मी सरळ एखाद्या मुलीला पुढे बोलावते आणि म्हणते तू सरकव.

तर गेल्या पावसाळ्यानंतर आमचा लॅम्प गेला. हा लॅम्प म्हणजे करंगळीएवढा काचेचा हॅलोजन बल्ब, खाली दोन पिना, २४ व्होल्ट २५० वॅट. डब्यावर ईएचजे असा कोड असतो. सगळ्या ओएचपींना हाच लागतो असं समजू नका, काही मशीनना ३६ व्होल्ट ४०० वॅटचा ईव्हीडी लागतो, तो दिसायला जवळपास असाच असतो आणि पिनांमधलं अंतर पण तेच, ६.३५ मिलिमीटर. काहींना ८२ व्होल्ट ३६० वॅटचा ईएनएक्स, त्याला मागे आरशासारखी वाटी असते. मशीनच्या झाकणाच्या आत किंवा मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या, दिसायला सारखा म्हणून घेऊ नका.

पहिला लॅम्प साध्या म्हातारपणाने गेला. आतून काच काळपट रुपेरी झालेली, फिलामेंट (आतली पेटणारी तार) मधेच तुटलेली. काही वाटलं नाही, ऑनलाइन मागवला. कुठून ते लिहीत नाही. आला तो नुसत्या पुठ्ठ्याच्या डबीत, फोम नाही, वरचं कागदी कव्हर नाही, आणि काचेवर कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता. मी तो आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून बसवला, चालू झाला, आनंद झाला, आणि नऊ दिवसांत बंद. विक्रेत्याला कळवलं तर विजेच्या वस्तू परत घेत नाही असं उत्तर.

मग तालुक्याच्या गावी एका रिपेअरवाल्याला मशीन दाखवलं. त्याने लॅम्प काढला, उजेडाकडे धरला, म्हणाला फिलामेंट शाबूत आहे म्हणजे लॅम्प चांगला आहे, तुमचा ट्रान्सफॉर्मर गेलाय, याचे पार्ट आता मिळत नाहीत, भंगारात द्या. बघायचे २०० रुपये घेतले. मीटर लावला नाही. मला तिथे वाईट वाटलं ते पैशाचं नाही, तर हे मशीन आमच्या आधीच्या सरांनी किती जपलं होतं ते मला माहितीये, प्रत्येक मे महिन्यात ते स्वतः खालचं मोठं भिंग पुसून कापडात गुंडाळून ठेवायचे. एवढ्या सहज भंगार म्हणायचं?

पुण्याला भावाकडे जायचं होतंच, तर दोन्ही मेलेले लॅम्प रुमालात गुंडाळून पर्समधे टाकले आणि सकाळी ६ च्या एसटीने निघाले. स्वारगेटवरून रिक्षाने बुधवार पेठेत, दगडूशेठच्या जवळच तपकीर गल्ली आहे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते की वायर, स्विच, मोटर, झुंबरापासून घड्याळाच्या सेलपर्यंत विजेचं म्हणून जे काही असतं ते त्या गल्लीत मिळतं. पहिल्या तीन दुकानांत ओएचपी म्हटल्यावर मुलांनी एकमेकांकडे बघितलं. चौथ्या दुकानात एकाने सांगितलं, पुढे त्या बोळात काका आहेत, मायक्रोस्कोपचे, डेंटिस्टच्या दिव्याचे, सिनेमा प्रोजेक्टरचे लॅम्प तेच ठेवतात.

दुकान म्हणजे एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढी जागा, मागे छतापर्यंत छोट्या डब्या, प्रत्येक डबीवर स्केचपेनने व्होल्ट आणि वॅट लिहिलेलं. दुकानाचं नाव मी मुद्दाम टाकत नाहीये, काकांनीच सांगितलं की नाव-बिव टाकू नका, माझ्याकडे असे लॅम्प मोजकेच असतात, फोन सुरू झाले की धंदा करता येत नाही. त्यांच्या शब्दाचा मान ठेवते. गल्लीत जाऊन विचारलंत तर कुणीही दाखवेल.

मी म्हटलं काका २४ व्होल्ट २५० वॅट द्या, दोन द्या. त्यांनी डबी काढली नाही. म्हणाले, जुना आणलाय का? मी दोन्ही दिले. त्यांनी पहिला बघितला, "हा आयुष्य जगून गेलाय" म्हणून बाजूला ठेवला. दुसरा मात्र त्यांनी घड्याळजीच्या भिंगाखाली धरला आणि बराच वेळ फिरवत राहिले. मग मीटरच्या दोन सुया पिनांना लावल्या. काहीच नाही, सर्किट तुटलेलं. फिलामेंट डोळ्यांना अख्खी दिसतेय आणि मीटर म्हणतोय तार तुटलीये. म्हणाले, "मॅडम, हा वरून नाही गेलेला, बुडातून गेलाय. होल्डर बघा तुमचा."

मला त्यांनी भिंग हातात दिलं आणि दाखवलं. दोन पिनांपैकी एक चकचकीत, दुसरी काळी, आणि काळ्या पिनेवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. पीन जिथे काचेत शिरते तिथे काच चपटी दाबलेली असते, त्या चपट्या भागात एक अगदी पातळ चौकोनी पट्टी दिसते, ती मॉलिब्डेनमची. आमच्या लॅम्पमधे एका बाजूची पट्टी स्वच्छ राखाडी होती आणि दुसरी निळसर काळी पडून कडेने खाल्ल्यासारखी झाली होती. ही पट्टी साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापत राहिली की हवेतला ऑक्सिजन तिला खातो आणि करंट तिथेच तुटतो. वरची फिलामेंट बिचारी धडधाकट राहते. म्हणजे रिपेअरवाल्याने अख्खी फिलामेंट बघून लॅम्प चांगला म्हटलं ते चूक, ट्रान्सफॉर्मर गेला म्हटलं ते पण चूक, आणि मी ऑनलाइन विक्रेत्यावर चिडले होते ते सुद्धा निम्मंच बरोबर, पॅकिंग वाईट होतं त्यांचं पण हा लॅम्प त्यांच्यामुळे गेला नव्हता.

होल्डर एवढा का तापतो हे मी शाळेत शिकवते आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. २५० भागिले २४ केलं की १०.४ अँपिअर. एवढा करंट त्या दोन काडीएवढ्या पिनांतून जातो. आता होल्डरची आतली स्प्रिंग ढिली झाली आणि तिथे फक्त ०.१ ओहम रोध आला, तर १०.४ चा वर्ग १०८, गुणिले ०.१, जवळजवळ ११ वॅट उष्णता, आणि ती वाटाण्याएवढ्या जागेत. सोल्डरिंगची छोटी इस्त्री साधारण २५ वॅटची असते, त्यावरून अंदाज करा. तापलं की स्प्रिंग अजून ढिली होते, अजून ढिली झाली की अजून तापते.

मी तिथूनच शाळेत शिपाईमामांना फोन केला, त्यांनी प्लग काढून झाकण उघडून होल्डरचा फोटो पाठवला व्हॉट्सॅपवर. पांढऱ्या चिनीमातीच्या होल्डरचं एक भोक स्वच्छ, दुसऱ्याभोवती तपकिरी-काळा डाग. काकांनी फोटो बघून मान हलवली, एक नवीन होल्डर काढला, त्याला आधीच उष्णता सोसणाऱ्या वायरी जोडलेल्या होत्या, आणि सांगितलं की जुन्या वायरीला जोडताना सोल्डर करू नका, तिथल्या गरमीने सोल्डर मऊ होऊन सुटतं, चिनीमातीचा स्क्रूचा कनेक्टर लावा आणि स्क्रू घट्ट आवळा.

मी म्हटलं दोन लॅम्प द्या तर म्हणाले एकच न्या. आधी होल्डर बदला, महिनाभर चालवा, मग दुसरा मागवा, मी पार्सल करीन. गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन उभं असताना कमी घ्या म्हणणारा दुकानदार मी फार बघितले नाहीत. लॅम्प ५२० रुपये, होल्डर १८०, कनेक्टर २५. पक्कं जीएसटी बिल दिलं शाळेच्या नावाने, हाताने लिहिलेलं पण व्यवस्थित, आमच्या ऑडिटला चाललं. ऑनलाइन मला लॅम्प ३९० ला पडला होता, त्यामुळे महाग आहे का, तर हो आहे, पण त्या जास्तीच्या पैशात जे निदान मिळालं ते बघा.

लॅम्पची गॅरंटी मात्र नाही. स्पष्ट सांगितलं त्यांनी, काउंटरवर तुमच्यासमोर पेटवून दाखवतो, त्यानंतर तुमचं. पेटवून दाखवला पण, छोट्या ट्रान्सफॉर्मरवर, कागदी कव्हरात धरून, दोन सेकंद.

निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, शाळेत व्होल्टेज किती येतं? मला माहीत नव्हतं. म्हणाले मोजा आणि मला फोन करा, लॅम्प बसवायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मीटरने मोजलं, दुपारी २४८. आमच्याकडे गावात असंच असतं, शेतीपंप बंद असले की वर जातं. फोन केला. म्हणाले ट्रान्सफॉर्मरवर २२०, २४० असं काही लिहिलंय का बघा. होतं. वायर २२० ला जोडलेली, म्हणजे शाळेत २२० व्होल्ट येतात असं धरून. बहुतेक कारखान्यातून आली तशीच राहिली असणार इतकी वर्षं. आता २२० च्या जागी २४८ घातले तर २४ च्या ऐवजी २७ व्होल्ट बाहेर पडतात. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज ५ टक्के कमी केलं तर आयुष्य जवळपास दुप्पट होतं, आणि वाढवलं तर त्याच हिशोबाने घटतं, २७ व्होल्टवर साधारण पाचव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे आधीच कमी तासांचा लॅम्प (ज्या डब्यावर ५० तास लिहिलेलं असतं त्याचे १० तास) आणि आम्ही म्हणत होतो की हे मशीन लॅम्प खातं. मशीन नाही खात. गावातल्या वायरमनला बोलावून ती वायर २४० वर घेतली, होल्डर पण त्यानेच बदलला, मी शेजारी उभी राहून काकांनी सांगितलेलं सगळं सांगत होते. हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या, आत २३० चा भाग उघडा असतो.

लॅम्प बसवणं हे मी स्वतः केलं, आणि ते कुणालाही जमेल. प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मशीन आधी चालू असेल तर अर्धा तास थांबायचं. नवीन लॅम्पची काच बोटाने धरायची नाही, त्याला जे कागदाचं किंवा फोमचं कव्हर असतं त्यातच धरून पिना होल्डरमधे सरळ खाली दाबायच्या, पूर्ण खाली, अर्ध्यावर राहिल्या की तोच काळ्या पिनेचा प्रकार परत. बसल्यावर कव्हर वर ओढून काढायचं. मुलं विचारतात बोट लागलं तर काय होतं, तर आपल्या घामातलं मीठ त्या क्वार्ट्झच्या काचेवर राहतं, काच तापली की तिथे स्फटिक व्हायला लागतात, पांढरा दुधासारखा डाग येतो, काच कमजोर होते आणि फुगते किंवा तडकते. चुकून लागलंच तर पेटवायच्या आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि सुकू द्या.

सगळं करून स्विच दाबला तर काहीच नाही. पंखा नाही, उजेड नाही. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की वरची काचेची चौकट नीट बसलेली नव्हती, तिच्याखाली एक छोटा बटणासारखा स्विच असतो, झाकण उघडं असताना वीज जाऊ नये म्हणून. चौकट दाबली, टक् आवाज आला, आणि भिंत उजळली.

उजळली पण डाव्या कोपऱ्यात तांबूस पट्टा. हे पण खूप जण लॅम्प खराब समजून परत करतात. नवीन लॅम्पची फिलामेंट जुन्याच्या अगदी त्याच जागी येत नाही, थोडी मागेपुढे होते, आणि खालचं ते रेघारेघांचं मोठं चपटं भिंग, फ्रेनेल म्हणतात त्याला, ते उजेड नीट गोळा करू शकत नाही, मग कोपरे तांबूस नाहीतर निळे दिसतात. मशीनच्या बाजूला एक खुंटी असते, ती हळू फिरवली की लॅम्प पुढे-मागे होतो. पाव फेरा फिरवला, पट्टा गेला. भिंगाचा धडा होता तेव्हा मी हेच मुलांकडून करून घेतलं, खुंटी फिरवा आणि रंग कुठून येतो ते सांगा.

आणखी एक गोष्ट घडली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅम्प बसवायच्या आधी दहावीच्या मुलांसमोर मी त्याच्या पिनांना मीटर लावला, म्हटलं रोध किती यायला हवा ते आधी काढा. २४ भागिले १०.४, सगळ्यांनी २.३ ओहम काढलं. मीटरवर अर्धा ओहम पण दिसेना. एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, म्हणाली "मॅडम, लॅम्प आत्ता थंडगार आहे नं." बरोबर तेच! थंड टंगस्टनचा रोध पेटलेल्यापेक्षा दहा पटीहून कमी असतो, म्हणून स्विच दाबल्याच्या क्षणी करंटचा लोंढा येतो आणि म्हणून म्हातारा लॅम्प बहुतेक वेळा चालू करतानाच जातो. ओहमचा नियम शिकवून इतकी वर्षं झाली, पण मुलांच्या चेहऱ्यावर असं कधी उमटलं नव्हतं. त्या दिवशी तिने अजून तीन प्रश्न विचारले.

आता लॅम्प चालू होऊन चार महिने झाले. आठवड्यातून दोन-तीन तास वापर. मशीनला पूर्ण आणि इकॉनॉमी असे दोन टप्पे आहेत, मी इकॉनॉमीवरच ठेवते, पडदे ओढले की भिंतीवर भरपूर दिसतं. बंद केल्यावर आमचा पंखा आपोआप थोडा वेळ फिरत राहतो, तो थांबेपर्यंत मी प्लग काढू देत नाही कुणाला, आणि गरम असताना मशीन हलवू देत नाही, तापलेली फिलामेंट धक्क्याने तुटते. महिन्याने झाकण उघडून पिना बघितल्या, दोन्ही चकचकीत. मग काकांना फोन केला, दुसरा लॅम्प पाठवा म्हटलं. तिसऱ्या दिवशी पार्सल आलं, डबीत फोम, फोमभोवती वर्तमानपत्र, आणि डबीवर स्केचपेनने लिहिलेलं, होल्डर तपासून मगच बसवणे.

दुकानाच्या अडचणी पण सांगते. पार्किंग विसरा, चालतच जा. बसायला जागा नाही, गल्लीत उभं राहावं लागतं, मागून हातगाडी आली की बाजूला सरका. काकांकडे गर्दी असेल तर ते आधीच्या माणसाचं पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे बघणार नाहीत, मला पाऊण तास लागला. फोनवर फार बोलत नाहीत. आणि सगळे लॅम्प नेहमी असतीलच असं नाही, माझ्यासमोर एकांना स्लाइड प्रोजेक्टरचा लॅम्प मिळाला नाही, पण दुसरं काहीतरी चालेल म्हणून गळ्यात मारलं नाही, नाही म्हणून सांगितलं.

मुख्याध्यापक सर अजून म्हणतात की मॅडम व्हिज्युअलायझर घेऊ, कॅमेऱ्याखाली ठेवलं की टीव्हीवर दिसतं. घेऊया की, मी नाही म्हणत नाही. पण वीज असेपर्यंत आणि हा लॅम्प असेपर्यंत लोहकीस याच काचेवर पडणार.

कुणी जाणार असाल तर गेलेला लॅम्प बरोबर न्या, फेकू नका. होल्डरचा जवळून काढलेला फोटो, मशीनच्या पट्टीवरच्या आकड्यांचा फोटो, आणि शाळेत मोजलेलं व्होल्टेज कागदावर लिहून न्या, दुपारचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं. मी यातलं फक्त पहिलं नेलं होतं, बाकीच्यासाठी फोनवर फोन करावे लागले.